माजी विद्यार्थ्यांसाठी एक खोली

मी केलेल्या अर्जावर कुठल्याही कचेरीने काही कार्यवाही केली, असं आयुष्यात एकदाच घडलं. इतर लोक असली गोष्ट चारचौघांत छाती पुढे काढून सांगतात. माझा आवाज सांगताना आपोआप खाली येतो, आणि माझी बायको जया तर विषय निघाला की गॅस बंद केला का ते बघायला आत निघून जाते.

मी सागरविज्ञानाचा एम. एस्सी. आहे. हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, तुम्ही जहाजावर असता का? दुसरा, ताजं पापलेट कसं ओळखायचं? पहिल्याचं उत्तर नाही असं आहे. मी भांडुपला बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात पाण्यातले क्षार मोजतो. सगळा अरबी समुद्र शिकून शेवटी लिटरच्या बाटलीवर आलो, हे वाक्य जया पाहुण्यांना सांगते, तेव्हा मी हसतो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नसतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही जयालाच माहीत आहे.

तर गेल्या वर्षी आमच्या विद्यापीठाचं मूल्यांकन व्हायचं होतं. त्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात, असं वरच्या कुणाला तरी आढळलं, आणि सव्वीस वर्षं आमची आठवण न काढणाऱ्या विभागाने मला 'प्रिय' असं संबोधून पत्र पाठवलं. सोबत एक ऑनलाइन फॉर्म होता. 'आपण विद्यापीठाशी कशा प्रकारे जोडलेले राहू इच्छिता?' खाली पर्याय: व्याख्यान देणे, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणे, नोकरी मिळवून देणे, किनाऱ्यावरच्या अभ्याससहलीला सोबत जाणे, इतर. व्याख्यान द्यायला मला काय येतं? नोकरी म्हणाल तर माझी स्वतःचीच दर मार्चमध्ये डळमळते. गुडघ्यांमुळे सहल बाद. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या चौकटीत लिहिलं, 'मनापासून'. फॉर्मने ते घेतलं नाही. किमान पन्नास अक्षरं हवीत म्हणाला. मग 'मनापासून' सात वेळा लिहिलं, तेव्हा आभार मानून मिटला.

आमच्या बॅचला आम्ही सहा जण. 'भरती-ओहोटी' नावाचा आमचा ग्रुप आहे, त्यावर वाढदिवस सोडले तर कायम ओहोटीच असते. पत्र सगळ्यांना गेलं होतं. माजी विद्यार्थी संघ काढू या असं ठरलं, आणि सेक्रेटरी निवडला गेला त्या तासाला मी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलो होतो. बाहेर येऊन फोन बघतो तर माझं अभिनंदन झालेलं.

पहिल्या सभेला रविवारी सकाळी तिघे आलो. मी, घाटकोपरला घरं विकून देण्याचा धंदा करणारा केतन, आणि मुलुंडहून आलेली निधी, जी वीस मिनिटांत निघून गेली. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "कोण पाहिजे?"

"आम्ही इथले माजी विद्यार्थी."

"माजी ना? मग आता काय काम?"

शेवटी त्याने वहीत नाव लिहायला लावलं, 'कारण' या रकान्यात स्वतःच 'खाजगी' असं टाकलं आणि आत सोडलं. सगळं बंद. आम्ही जिन्यात बसलो. झाडूवाल्या बाईंनी आधी पाय वर घ्यायला सांगितले आणि मग उठायलाच सांगितलं.

"यार जयवंत," केतन पँट झटकत म्हणाला, "साला आपल्याला इथे बूड टेकायला जागा नाय. तो बघ, कुत्रा पण सावलीत बसलाय. पहिली एक खोली पायजे आपल्याला. खोली असली ना, लोकं येतात. माझा धंदाच आहे तो, मला विचार."

हे मला एकदम पटलं. माणसं येत नाहीत याचं कारण खोली नाही हे आहे, असं मी धरून चाललो. आता वाटतं, त्याच वेळी कुणीतरी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

आमच्या शेजारी केळुसकरकाका राहतात. महापालिकेत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. चांगला अर्ज त्यांना नुसत्या वासावर ओळखता येतो. मी लिहिलेला अर्ज त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"जयवंता, ह्यां तू पत्र लिवलंस रे. अर्ज नाय. 'कृपया एक खोली मिळावी.' अशी कोण देतलो? तुका खोली होयी ना? मगे त्यांका सांग, तुमच्याकडे एक खोली फुकट पडान आसा. सायबाक देवक त्रास जाता. पडलेली वस्तू उचलून देवक काय त्रास नाय."

"पण अशी कुठली खोली पडून आहे ते मला कुठे माहीत आहे?"

"ती सोधतले ते. तुझां काम लिवचां."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या अर्जात ओळ घातली: 'विभागातील प्रत्यक्ष वापरात नसलेल्या एखाद्या दालनाचा माजी विद्यार्थ्यांच्या कायमस्वरूपी सहभागासाठी विनियोग व्हावा.' ही ओळ वाचून मला स्वतःबद्दल आदर वाटला. माझी सही त्या ओळीखाली होती.

पुढचे आठ महिने अर्ज कुठे कुठे फिरला ते सांगत बसत नाही. एका टेबलावर तो विभागप्रमुखांमार्फत आला नाही म्हणून परत गेला, दुसऱ्यावर मार्फत आला पण शिक्का तिरका म्हणून, आणि एकदा तर संघाची नोंदणी कुठल्या समुद्रात झाली आहे असं विचारणारं पत्र आलं, ते कारकुनाच्या डुलकीचं काम होतं असं मी आजही मानतो. मी रजा टाकून खेटे घालत होतो. माझा अपमान व्हायचा, पण तो आपल्या विद्यापीठात होत होता. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात कुणी विचारलं की 'काल कुठे होता?', तर मी 'युनिव्हर्सिटीत जरा काम होतं' असं म्हणायचो आणि दिवसभर ताठ चालायचो.

आणि एक दिवस अर्ज मंजूर झाला. नुसता मंजूर नाही, माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून माझी एका समितीवर नेमणूकही झाली. निर्लेखन समिती. जुनं, निकामी सामान हिशेबातून काढून टाकायचं काम. मोडक्या खुर्च्या, गंजलेले पंखे, असंच काहीतरी असणार. बैठक अकरा मिनिटं चालली. समोसा गरम होता, चहात वेलची होती, आणि माझ्यापुढे 'सन्माननीय सदस्य' अशी पाटी ठेवलेली होती. कागद फिरत आला: 'कालबाह्य साहित्य, नग तीनशे अकरा.' तीनशे अकरा पंखे विभागात कधी होते, हा विचार मनात आला होता. तो आला होता हे मी लपवत नाही. पण पाटीवर आपलं नाव असताना मूर्खासारखा प्रश्न कोण विचारणार? मी सही केली. वळणदार आली होती.

विभागप्रमुख शीतल मॅडम माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी पुढच्या शनिवारी मला खोली बघायला बोलावलं. दुसरा मजला, डावीकडून शेवटचं दार. दार ओळखीचं वाटलं.

ते आमचं संग्रहालय होतं.

भिंतभर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर काचेच्या बरण्या. फॉर्मालिनमध्ये ठेवलेले मासे, खेकडे, माकुल, समुद्रकाकड्या, जेलीफिश, एक शार्कचं पिल्लू. मडपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यावरून चाळीस वर्षांत विद्यार्थ्यांनी गोळा केलेलं सगळं. आणि मधोमध स्टुलावर, हातात काचेचं नरसाळं घेऊन, काशीरामभाऊ.

काशीराम साळवे आमच्या विभागात प्रयोगशाळा परिचर होते. बीडकडचे. नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. पुढे छत्तीस वर्षांत ते इतकं शिकले की प्राध्यापकसुद्धा एखाद्या खेकड्याचं नाव लिहिण्याआधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. बरण्यांतल्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्या अक्षरातल्या. मी तिथे शिकायला होतो तेव्हा माझी निम्मी प्रात्यक्षिकं त्यांनी पार पाडली होती. आणि सव्वीस वर्षांत मला त्यांची आठवण किती वेळा आली, हे मी सांगणार नाही.

"तावडे ना रे तू?" ते म्हणाले. "केस गेले तुझे. ये. ती मोठी बरणी धर जरा, हात थरथरतात माझे."

मी बरणी धरली. त्यांनी झाकण काढून नरसाळ्याने औषध ओतलं आणि झाकणाच्या कडेला व्हॅसलीन फिरवलं. डोळ्यांना झोंबलं. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून ते दर शनिवारी विक्रोळीहून बस पकडून येत होते. बरण्यांतलं पाणी उडतं, पातळी खाली जाते, वरचा मासा उघडा पडला की कुजतो. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. पगार नाही, पत्र नाही. वॉचमन त्यांचं नावही वहीत लिहीत नसे.

"काल नोटीस लागली बघ दाराला," ते म्हणाले. "बरण्या कचऱ्यात. खोली कुण्या माजी विद्यार्थ्यांना द्यायचीय म्हणं. कोण आलेत रे हे माजी विद्यार्थी? तुला काही कळलं का?"

मी बरणी खाली ठेवली. खोटं बोलायचं मनात आलं. पण त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि त्यांना कळलं.

त्यांनी हातातलं झाकण पुसलं. मग म्हणाले, "तुम्हाला इथं यायचंच होतं, तर यायचं होतं ना. खोली कशाला पाहिजे होती? मी होतो की इथं."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी काहीतरी पुटपुटलो, मूल्यांकन, गुण, सहभाग. बोलता बोलता मलाच ऐकवेना. विद्यापीठाशी जोडलेलं कसं राहायचं हे ज्या एका माणसाला येत होतं तो पदवीधर नव्हता, आणि त्या फॉर्ममध्ये त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

मी ठरवलं, जे आपण केलं ते आपणच निस्तरायचं. सोमवारी रजा टाकून अर्ज मागे घ्यायला गेलो. कारकून म्हणाला, मंजूर झालेला अर्ज मागे घ्यायचा नमुना आमच्याकडे नाही. नामंजूर झालेला असता तर अपील करता आलं असतं. शीतल मॅडमना भेटलो. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "सर, मलाही वाईट वाटतंय. पण आगीच्या तपासणीत ही खोली दोनदा नापास झालीय. आम्ही सगळ्या नमुन्यांचे फोटो काढून ठेवलेत. आणि बरण्या द्यायच्या तर संस्थेलाच देता येतात. तुम्ही संस्था आणा, मी निर्लेखन थांबवते. पंधरा दिवस थांबते."

संस्था. मी तीन कॉलेजांना आणि एका मत्स्यालयाला पत्रं लिहिली. दोघांचं उत्तर आलं नाही, एकाने आमच्याकडेच जागा नाही असं कळवलं, आणि मत्स्यालयवाल्यांनी विचारलं, मासे जिवंत आहेत का. 'भरती-ओहोटी'वर टाकलं, तर पाच जणांनी जोडलेले हात पाठवले. केतन म्हणाला, "घाटकोपरला गाळा आहे माझा, पण गिऱ्हाईक आत येऊन शार्क बघेल आणि बाहेरच्या बाहेर जाईल रे."

शेवटी मी केळुसकरकाकांकडे गेलो. त्यांच्या ओळीमुळे हे झालं असं बोलायचं ठरवून गेलो होतो. पण सगळं ऐकून काकांचा चेहरा असा पडला की मला बोलवेना. "माका काय ठावक रे," ते म्हणाले. "आमच्या हापिसात पडान म्हणजे पडानच आसायचां." मग उमेद धरून म्हणाले, "सोसायटी ही नोंदणीकृत संस्थाच मां? गच्चीवरची खोली आसा. मीटिंग बोलव."

मीटिंग झाली. सेक्रेटरी निलेश दळवी याने विषय वाचला, 'गच्चीवरील खोलीत मृत सागरी जीव ठेवण्याबाबत', आणि पाऊण तास गदारोळ झाला. बी विंगमधल्या एका बाईंना वास येईल ही भीती, त्यांच्या मिस्टरांना फ्लॅटचा भाव पडेल ही भीती. एक जण म्हणाला, शार्क आहे तर पोलिसांना कळवावं लागेल. एका आजोबांनी माकुल किती दिवसांचं आहे ते विचारलं. एकोणीसशे पंच्याऐंशी सालचं आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मी उभा राहून सागरी जीवसृष्टीचं महत्त्व सांगितलं. आयुष्यातलं माझं पहिलं व्याख्यान, आणि ते पार्किंगमध्ये झालं. शेवटी निलेशने तोडगा काढला. यंदा मंडळाचा देखावा समुद्रमंथनाचा आहे, तेव्हा बरण्या गणपतीचे दहा दिवस मांडता येतील, अनंत चतुर्दशीनंतर ज्याच्या त्याने न्याव्यात. शिवाय पायवाले जीव नकोत, लहान मुलं घाबरतात. ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं, ते जयाचं. ती घरी येऊन म्हणाली, "दहा दिवसांनी पुन्हा त्या म्हाताऱ्याला कचऱ्यात टाकायला लावणार का?" तो ठराव मी विद्यापीठात नेलाच नाही. तिचं बरोबर होतं.

पंधरा दिवस संपले. कचरा नेणाऱ्या कंपनीची दोन माणसं पिंपं घेऊन सकाळी आली. काशीरामभाऊ त्यांच्या आधीच येऊन दारात उभे होते.

"ह्या पोरांना झाकण उघडायचं ठाऊक नाही," ते शीतल मॅडमना म्हणाले. "काच फुटंल, औषध डोळ्यात जाईल कुणाच्या. मी भरल्यात, मीच रिकाम्या करतो."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

दोघांनी तोंडाला मास्क लावले, हातमोजे घातले, खिडक्या सताड उघडल्या. मी फळीवरून बरणी काढून द्यायचो. ते झाकण फिरवायचे, औषध पिंपात ओतायचे, चिमट्याने जीव बाहेर काढायचे आणि पिवळ्या पिशवीत टाकण्याआधी चिठ्ठी वाचायचे. नाव, जागा, तारीख, कुणी आणला. प्रत्येक वेळी मोठ्याने. कंपनीची माणसं आधी घड्याळ बघत होती, मग तीही ऐकत उभी राहिली. मड, त्र्याऐंशी साल. गोराई, सत्त्याऐंशी. मालवण, ब्याण्णव. काही नावं मला ठाऊक होती, एक-दोन माणसं वारलेली होती. काशीरामभाऊंना सगळ्यांचं आठवत होतं. कोण लग्न करून अमेरिकेला गेली, कोण खेकडा चावला म्हणून रडला.

दुपार टळल्यावर खालच्या फळीपर्यंत आलो. मी एक छोटी बरणी उचलली. आत एक तारामासा होता, चारच हातांचा. मी ती पुढे केली, तर त्यांनी घेतली नाही.

"वाच की," ते म्हणाले.

'मार्वे, जानेवारी सत्त्याण्णव. संकलक: ज. रा. तावडे.'

मला आठवलं. पहिल्या वर्षाची सहल. खडकाच्या फटीतून ओढताना त्याचा एक हात तुटला, आणि सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुटका नमुना ठेवत नसतात, फेकून दे. मी तो खरोखरच फेकला होता.

"मी उचलला होता," काशीरामभाऊ म्हणाले. "पहिलाच होता तुझा. खाली बघ, पाचवा हात पण आहे. रजिस्टरला चढवला, नंबर दिला."

बरणीच्या तळाशी तो हात होता, बोटाच्या पेराएवढा. अठ्ठावीस वर्षं या माणसाने त्याच्यावरचं पाणी खाली जाऊ दिलं नव्हतं. विज्ञानात माझ्या नावावर असलेली ती एकच गोष्ट, आणि ती आहे हे मला माहीतच नव्हतं.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "रजिस्टरला आहे, सर. तीनशे अकरात धरलेली आहे. तुमची सही आहे त्यावर."

काशीरामभाऊ झाकण फिरवायला पुढे झाले. मी म्हटलं, "राहू द्या, भाऊ." व्हॅसलीन ताजं होतं, झाकण सहज निघालं. औषध ओतलं. तारामासा काढला, मग चिमटा पुन्हा आत घालून पाचवा हात काढला, आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवलं. चिठ्ठी मी मोठ्याने वाचली नाही. मला रडू येत होतं, आणि फॉर्मालिनने सगळ्यांचेच डोळे लाल झाले होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाच वाजता गाडी गेली. रिकाम्या बरण्या मी नळाखाली धुतल्या, त्यांनी पुसल्या आणि सवयीने पुन्हा फळीवर ओळीने लावल्या. मग आम्ही बस स्टॉपवर येऊन उभे राहिलो. त्यांच्या हातात नरसाळं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली आणि हात हलवून बाजूला सारली.

विक्रोळीची बस लांबून दिसायला लागली. काशीरामभाऊंनी सुटे पैसे मुठीत काढून ठेवले आणि बसकडे बघतच मला विचारलं, "तावडे, आता शनिवारी काय करायचं रे?"